गिटार कुठे गेली? एका 'लाइव्ह' अल्बमची साधनचिकित्सा



'प्राथमिक साधन' आणि 'दुय्यम साधन' यांतला फरक तुम्ही नेट-सेटच्या किंवा पेटच्या अभ्यासात पाठ केलेला असतो. घटनेच्या वेळी तयार झालेलं ते प्राथमिक, नंतर कुणी त्यावर लिहिलेलं ते दुय्यम. पत्रं, दफ्तरं, फोटो, ध्वनिमुद्रणं ही सगळी प्राथमिक. व्याख्या बरोबर आहे आणि परीक्षेत तिचे गुणही मिळतात. पण तीच व्याख्या घेऊन खऱ्या साधनासमोर बसलात की तासाभरात एक प्रश्न उभा राहतो: समोरची वस्तू नक्की कोणत्या घटनेच्या वेळी तयार झाली?

आज हा प्रश्न आपण एका उदाहरणावरून समजून घेऊ. उदाहरण जरा वेगळं आहे. जपानच्या यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा (पुढे वायएमओ) या इलेक्ट्रॉनिक बँडचा 'पब्लिक प्रेशर' हा 1980 सालचा लाइव्ह अल्बम. संगीताची आवड असलीच पाहिजे असं नाही. या अल्बममध्ये प्रत्यक्ष मंचावर वाजलेलं एक अख्खं वाद्य गायब आहे आणि ते गायब होण्याचं कारण संगीताशी संबंधित नाही. एवढंच आपल्याला पुरेसं आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी

वायएमओची स्थापना 1978 मध्ये टोकियोत झाली. मूळ सदस्य तीन: हारुओमी होसोनो (बास आणि कीबोर्ड), युकिहिरो ताकाहाशी (ड्रम्स आणि गायन) आणि रयुइची साकामोतो (कीबोर्ड). तिघेही आपापल्या क्षेत्रात आधीपासून काम केलेले संगीतकार. सिंथेसायझर आणि संगणकाने चालणारी वाद्यं वापरून नाचता येईल असं लोकप्रिय संगीत करायचं, हा त्यांचा बेत. त्यांचा पहिला अल्बम नोव्हेंबर 1978 मध्ये अल्फा रेकॉर्ड्सने काढला. पुढच्या वर्षी तोच अल्बम नव्याने मिक्स करून, वेगळ्या मुखपृष्ठासह अमेरिकेत आला. म्हणजे पहिल्याच अल्बमच्या दोन आवृत्त्या. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

ऑगस्ट 1979 मध्ये लॉस एंजेलिसच्या ग्रीक थिएटरमध्ये 'द ट्यूब्स' या अमेरिकी बँडच्या आधी वाजवण्याची संधी त्यांना मिळाली. सप्टेंबरमध्ये 'सॉलिड स्टेट सर्व्हायव्हर' हा दुसरा अल्बम आला. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क असा दौरा झाला आणि डिसेंबरमध्ये मंडळी टोकियोत परतली. परदेशातल्या टाळ्यांच्या बातम्या आणि दृश्यं जपानमध्ये पोहोचली आणि घरच्या श्रोत्यांनी या बँडकडे नव्याने पाहायला सुरुवात केली.

'पब्लिक प्रेशर' 21 फेब्रुवारी 1980 रोजी बाजारात आला. त्यात तीन ठिकाणची ध्वनिमुद्रणं आहेत: लंडनचं 'द व्हेन्यू' (24 ऑक्टोबर 1979), न्यूयॉर्कचं 'द बॉटम लाइन' (6 नोव्हेंबर) आणि टोकियोचं नाकानो सनप्लाझा (19 डिसेंबर). जपानच्या ऑरिकॉन यादीत हा अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला.

पहिली नोंद इथेच करून ठेवा. ही एका संध्याकाळची मैफल नाही. तीन शहरांतल्या तीन संध्याकाळी एका तबकडीवर सलग मांडल्या आहेत. अशी सलग मैफल कुणीही, कुठेही ऐकलेली नव्हती.

मंचावर कोण होतं?

बँड तिघांचा, पण दौऱ्यावर मंचावर सहा जण असायचे. अकिको यानो कीबोर्डवर होत्या, त्या स्वतः नावाजलेल्या गायिका आणि संगीतकार. काझुमी वातानाबे गिटारवर, जपानी जॅझमधलं तरुण आणि मोठं नाव. सहावे हिदेकी मात्सुताके. त्यांच्यामागे मूग कंपनीचा तारांनी भरलेला अवाढव्य सिंथेसायझर उभा असायचा. तो इतका मोठा की जपानी चाहते त्याला 'तान्सु', म्हणजे कपाट, म्हणत.

मात्सुताके यांचं काम थोडं समजून घेऊ, कारण तुमच्यापैकी अनेकांना ते ओळखीचं वाटेल. रोलंड कंपनीने 1977 मध्ये एमसी-8 नावाचं यंत्र काढलं होतं. संगीत आकड्यांत भरून घ्यायचं आणि सिंथेसायझरकडून वाजवून घ्यायचं, हे त्याचं काम. प्रत्येक सुरासाठी आकडे वेगळे: सूर कोणता, पुढचा सूर किती वेळाने आणि हा सूर किती वेळ धरायचा. सगळं आकड्यांची बटणं दाबून भरायचं. स्मृती 16 किलोबाइट. भरलेली माहिती कॅसेटच्या फितीवर साठवायची आणि हवी तेव्हा फितीवरून परत यंत्रात चढवायची. थोडक्यात, दौऱ्यावर मात्सुताके डेटा एन्ट्री, बॅकअप आणि उपकरणाची देखभाल अशी तिन्ही कामं सांभाळत होते, तेही प्रेक्षकांसमोर.

यंत्राचा ठोका वादकांच्या कानात हेडफोनमधून जायचा. ताकाहाशी त्या ठोक्यावर हाताने ड्रम्स वाजवायचे. बाकीचेही बराचसा भाग हातानेच वाजवायचे. 'यंत्रांचा बँड' ही ओळख त्यांनी स्वतःच जोपासली होती. तरी मंचावर घाम माणसांचाच गळत होता.

मग गिटार कुठे गेली?

वातानाबे यांचा करार निप्पॉन कोलंबियाशी होता. त्यांचे अल्बम कोलंबियाच्या 'बेटर डेज' या लेबलवर निघायचे. वायएमओ होता अल्फाचा. दौऱ्यात वातानाबे वाजवू शकले, पण त्यांची गिटार अल्फाच्या तबकडीवर विकायला परवानगी मिळाली नाही. तेव्हा अल्बम तयार करताना त्यांची गिटार काढून टाकली गेली. मोकळ्या झालेल्या जागा साकामोतो यांनी नंतर स्टुडिओत सिंथेसायझर वाजवून भरल्या.

यात एक गंमत आहे. साकामोतो यांचा पहिला एकल अल्बम 'थाउजंड नाइव्ह्ज' 1978 मध्ये याच बेटर डेज लेबलवर आला होता आणि त्यावर वातानाबे यांची गिटार आहे. म्हणजे एका कंपनीच्या तबकडीवर हे दोघे शेजारी ऐकू येतात आणि दुसऱ्या कंपनीच्या तबकडीवर एकाच्या जागी दुसरा ऐकू येतो. दोघांची मैत्री किंवा संगीताची आवड वर्षभरात बदलली, असा अर्थ यातून काढला तर तो सपशेल चुकेल. फरक करारपत्राचा आहे.

तांत्रिक बाजूही पाहू. मैफल एकाच मायक्रोफोनवर मुद्रित केली असती तर गिटार काढणं अशक्य होतं. पण बहुपट्टी मुद्रणात प्रत्येक वाद्य टेपच्या वेगळ्या पट्टीवर जातं. एक पट्टी बंद केली की ते वाद्य मिक्समधून जवळपास नाहीसं होतं. 'जवळपास' म्हणतोय, कारण मंचावरच्या अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज शेजारच्या मायक्रोफोनमध्येही थोडा झिरपतो. सिंथेसायझर तारेने थेट मुद्रणयंत्राला जोडता येतात, त्यांच्या बाबतीत ही अडचण येत नाही. म्हणजे वायएमओसारख्या बँडमध्ये एखादं वाद्य नंतर वगळणं हे तीन गिटारी आणि ढोलांच्या बँडपेक्षा सोपं. पुरावा किती सहज बदलता येतो हे तो कशा पद्धतीने नोंदवला गेला यावर अवलंबून असतं. हे वाक्य संगीतापुरतं नाही. तुमच्या प्रयोगवहीलाही ते लागू आहे.

फसवा निष्कर्ष कसा जन्मतो

आता कल्पना करा की तुम्ही 'इलेक्ट्रॉनिक संगीताचा उदय' या विषयावर प्रबंध लिहिताय. हातात फक्त 'पब्लिक प्रेशर' आहे. मैफलीचं ध्वनिमुद्रण, म्हणजे प्राथमिक साधन, म्हणजे भरवशाचं. तुम्ही लिहाल: '1979 च्या अखेरीस वायएमओने मंचावरून गिटार हद्दपार केली होती. रॉकमधल्या गिटार सोलोची जागा सिंथेसायझरने घेतली होती.' पुढे यावर एक सुंदर सिद्धांतही रचाल: यंत्रयुग, नवी सौंदर्यदृष्टी, पाश्चात्त्य रॉकला दिलेलं उत्तर वगैरे.

वाक्य सुबक आहे, तळटीपही अस्सल साधनाची आहे. पण निष्कर्ष खोटा आहे. लंडन आणि न्यूयॉर्कच्या प्रेक्षकांसमोर गिटार वाजली होती.

आणि यात एका माणसाचंही नुकसान आहे. वातानाबे त्या दौऱ्यात रोज मंचावर उभे राहिले. अल्बमवरून इतिहास लिहिला तर त्यांचे ते महिने पुसले जातात. तुमच्या वाक्यामुळे ते दुसऱ्यांदा पुसले जातील. पहिल्यांदा ते काम कराराने केलं होतं, दुसऱ्यांदा ते आपण करू. संशोधनातली चूक म्हणजे केवळ माहितीतली चूक नसते. कुणाचं काम कुणाच्या नावावर जमा होतं, हा प्रश्नही तिच्यात असतो.

दुसरी आवृत्ती आली, मग प्रश्न मिटला का?

1991 मध्ये 'फेकर होलिक' नावाने त्याच दौऱ्यातल्या लंडन-न्यूयॉर्कच्या मैफलींची ध्वनिमुद्रणं प्रकाशित झाली. यात वातानाबे यांची गिटार ऐकू येते. एकाच दौऱ्याच्या दोन तबकड्या शेजारी ठेवल्या की फरक कुणालाही कळतो. 'टोंग पू' किंवा 'द एंड ऑफ एशिया' या रचना दोन्हींवर ऐका. नोटेशन वाचता यायची गरज नाही. एकीकडे तारेचा आवाज आहे, दुसरीकडे नाही.

इथे नवखा संशोधक उडी मारतो: 'म्हणजे 1991 ची तबकडी खरी, 1980 ची खोटी.' थांबा. 1991 च्या तबकडीसाठीही कुणीतरी गाणी निवडली आणि वाद्यांचे आवाज कमी-जास्त केले. शिवाय दरम्यान अकरा वर्षं गेली होती. ज्या गोष्टीची चाहत्यांना ओढ होती ती आता विकण्याजोगी झाली होती. पुढे 1997 मध्ये ग्रीक थिएटरच्या ऑगस्ट 1979 च्या कार्यक्रमाचं मुद्रणही वेगळं निघालं. प्रत्येक नवं प्रकाशन आपल्याला मंचाच्या जवळ नेतं, पण मंचावर कुणीच नेऊन उभं करत नाही.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना हे लगेच पटेल. उपकरणातून येणारा वर्णपट आपण 'रॉ डेटा' म्हणतो, पण त्याआधी डिटेक्टरने आपली मर्यादा लादलेली असते आणि सॉफ्टवेअरने कदाचित पार्श्वभूमी वजाही केलेली असते. मग आपण बेसलाइन सरळ करतो, आलेख गुळगुळीत करतो, तीनपैकी सर्वांत चांगला आलेख प्रबंधात लावतो. यातलं काहीही मुळात अप्रामाणिक नाही. कोणती पायरी का केली हे लिहून ठेवलं नाही, की अप्रामाणिकपणा सुरू होतो.

बदललेलं साधन फेकून द्यायचं का?

नाही, उलट जपून ठेवायचं. फक्त त्याला विचारायचा प्रश्न बदलायचा.

'24 ऑक्टोबर 1979 च्या रात्री लंडनमध्ये काय वाजलं?' या प्रश्नासाठी 'पब्लिक प्रेशर' कच्चा साक्षीदार आहे. पण 'फेब्रुवारी 1980 मध्ये जपानी श्रोत्यांच्या घरात काय पोहोचलं?' या प्रश्नाला त्याच्याइतका पक्का साक्षीदार दुसरा नाही. पहिल्या क्रमांकावर गेला तो हा अल्बम. श्रोत्यांनी आणि नवशिक्या वादकांनी वायएमओची मैफल म्हणून जे ऐकलं ते गिटारविरहित रूप. त्यांच्या डोक्यात भविष्यातल्या संगीताची जी प्रतिमा बसली तिचा काही भाग दोन कंपन्यांमधल्या हक्कांच्या व्यवहारातून आला होता. मला ही गोष्ट यंत्रयुगाच्या कुठल्याही सुबक सिद्धांतापेक्षा जास्त बोलकी वाटते. कलाकृतीचं रूप कलावंताची इच्छा, यंत्राची ताकद आणि कायद्याची अट या तिन्हींच्या ओढाताणीतून ठरतं. यातली तिसरी गोष्ट कानाला ऐकू येत नाही. ती कागदात शोधावी लागते.

शिवाय अल्बमची मांडणीही बोलते. शेवटच्या छोट्या तुकड्याचं नाव 'बॅक इन टोकियो'. परदेशात वाजवून आम्ही घरी आलो, असं सांगत तबकडी संपते. मधल्या टाळ्या आणि आरोळ्या घरच्या श्रोत्यांसाठी प्रमाणपत्राचं काम करतात: पाहा, तिकडच्यांनी आपल्याला डोक्यावर घेतलं. म्हणजे घटनेची नोंद म्हणून विकलेली ही वस्तू खरं तर एक युक्तिवाद आहे. दरबारी बखर वाचताना ती कोणासाठी लिहिली हे आपण विचारतोच ना? मग इथेही विचारायचं.

इतिहासाच्या पुस्तकात याला बहिरंग परीक्षण आणि अंतरंग परीक्षण म्हणतात. वस्तू कुणी, कधी, कशी, कशासाठी बनवली हे तपासणं म्हणजे बहिरंग परीक्षण. ती जे सांगते त्यावर कितपत विश्वास ठेवायचा हे तपासणं म्हणजे अंतरंग परीक्षण. 'पब्लिक प्रेशर'च्या बाबतीत नुसतं अंतरंग तपासून, म्हणजे कान देऊन ऐकून, गिटारचा पत्ता लागणं कठीण. बहिरंगाने वाट दाखवली.

तुमच्या विषयासाठी चार कामं

विषय रसायनशास्त्राचा असो, ग्रामीण अर्थकारणाचा की नाट्यइतिहासाचा, मुख्य साधन हातात आलं की ही चार कामं करा.

पहिलं, घटनेची तारीख आणि वस्तूची तारीख वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. इथे घटना ऑक्टोबर ते डिसेंबर 1979 ची, वस्तू फेब्रुवारी 1980 ची. मधल्या दोन महिन्यांत काय झालं हा तुमचा पहिला प्रश्न. जनगणनेचा अहवाल, मुलाखतीचं टंकलिखित, प्रयोगाचा अंतिम तक्ता, सगळ्यांना मधले महिने असतात.

दुसरं, त्याच घटनेची दुसरी आवृत्ती शोधा आणि दोन्ही शेजारी ठेवा. फरक सापडला की चिडू नका, खूश व्हा. दोन साधनं जिथे जुळत नाहीत तिथेच बहुधा संशोधनाचा प्रश्न दडलेला असतो. संशोधन आराखड्यातला 'संशोधनातील उणीव' हा मथळा भरताना विद्यार्थी अडतात, त्याचं उत्तर अनेकदा इथे मिळतं.

तिसरं, वस्तू तयार होताना तिच्यावर कुणाचा हक्क होता ते पाहा. पैसा कुणाचा, परवानगी कुणाची, नकार कुणाचा. करार, अनुदानाचं पत्र, संपादकाचा निर्णय हे कागद कंटाळवाणे असतात म्हणून बरेच जण ते उघडत नाहीत. गिटार गेली ती याच कागदांमुळे.

चौथं, गाळलेल्या माणसांची यादी करा. मंचावर सहा, नाव तिघांच्या बँडचं, तबकडीवर एक वादक कमी. तुमच्या साधनात असे कोण आहेत? प्रयोगशाळेतले तंत्रसाहाय्यक, सर्वेक्षणात दारोदार फिरलेल्या अंगणवाडीताई, लेखकाचं हस्तलिखित स्वच्छ करून देणारी त्याची बायको. या यादीतून एखादं प्रकरण निघेल किंवा निदान प्रामाणिक ऋणनिर्देश तरी होईल.

या कामांना मुदत असते, हेही लक्षात असू द्या. ताकाहाशी 11 जानेवारी 2023 रोजी गेले आणि साकामोतो 28 मार्च 2023 रोजी. गिटारच्या जागा भरताना स्टुडिओत काय विचार केला, हे साकामोतोंना आता कुणीच विचारू शकत नाही. जे छापून आलंय, ध्वनिमुद्रित झालंय, तेवढ्यावरच भागवावं लागेल. तुमच्या विषयातही हयात माणसं असतील तर ग्रंथालयातली पुस्तकं आठवडाभर थांबू शकतात. आधी त्या माणसांकडे जा.

या आठवड्याचा गृहपाठ छोटा आहे. तुमच्या आराखड्यातलं सर्वांत भरवशाचं वाटणारं एक साधन निवडा. त्यावर अर्ध्या पानात लिहा: यात काय नाही आणि ते का नाही. 'का'चं उत्तर कागदाच्या आधाराने देता आलं, तर तुमचं साहित्य-परीक्षण सुरू झालं असं समजा.